काट्यावरचं रिकामं वजन गेलं कुठे? जिनिंगच्या सॉफ्टवेअरमधलं फिलचं एक प्रकरण

मागच्या कापसाच्या सीझनमधली गोष्ट आहे, धरणगाव तालुक्यातली एक जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी), नाव नाही सांगत कारण शेठचा यात काही दोष नव्हता. त्यांचं काट्याचं (गाडीच्या वजनाचं) आणि पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचं) सॉफ्टवेअर दोन वर्षांपासून मी सांभाळतो. मूळ बनवलेलं दुसऱ्याच कोणीतरी, सी शार्प भाषेत, विनफॉर्म्सवर (विंडोजच्या खिडक्या बनवायची पद्धत), मागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस. जो कोणी अजून डेटाबेसमधली माहिती मेमरीत आणायला आणि परत लिहायला डेटासेट, डेटाटेबल आणि डेटाअॅडॅप्टर वापरतोय (आणि आपल्याकडे जिनिंग, पतपेढी, दूध डेअरी, सगळीकडे अजून हेच चालू आहे) त्याने हे वाचावं, कारण मी यात आठ दिवस घालवले आणि मधे एका शेतकऱ्याचे दीड लाख रुपये अडकले.

आधी जिनिंगचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. ट्रॅक्टर गेटमधून आला की काट्यावर चढतो, भरलेलं वजन होतं, काट्यावरचा पोरगा पट्टी नंबर पाडतो. मग ग्रेडर ट्रॉलीत हात घालून कापूस बघतो, मीटरने ओलावा मोजतो, भाव सांगतो, अन् ती चिठ्ठी ऑफिसात मुनीम आप्पांकडे जाते. तिकडे ट्रॉली गंजीवर खाली होत असते. खाली झाली की ट्रॅक्टर परत काट्यावर, रिकामं वजन, आणि मग निव्वळ वजनावर पट्टी. म्हणजे बघा, आप्पा ओलावा आणि भाव टाईप करतात तो वेळ आणि काट्यावर रिकामं वजन पडतं तो वेळ, हे दोन्ही एकमेकांवरच येतात. हे लक्षात ठेवा.

आधीच्या वर्षापर्यंत काटा आणि ऑफिस एकाच कॉम्प्युटरवर होतं, एकाच खिडकीत. त्या वर्षी दिवाळीनंतर गर्दी वाढली म्हणून शेठनी काट्याजवळ वेगळी केबिन बांधली, तिथे दुसरा कॉम्प्युटर बसवला, वायर टाकली, तोच प्रोग्राम तिकडे चढवला. सॉफ्टवेअरमध्ये एका अक्षराचा बदल नाही. आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी आप्पांचा फोन, "भो, हाई काय शे? चौसष्ट पट्ट्या शेतस अन् हाई एकशे पंचवीस दाखाडस."

मी जळगावहून रिमोट घेतला. ग्रिडमध्ये खरंच १२५ ओळी, बहुतेक पट्टी नंबर दोनदा. खाली एकूण क्विंटल पण जवळजवळ दुप्पट. आप्पांच्या लक्षात आलं कारण ते पन्नास वर्षं कापूस बघताहेत आणि एवढा माल यार्डात दिसत नव्हता. डेटाबेसमध्ये बघितलं तर ६४ च ओळी, एकदम स्वच्छ. घोळ फक्त स्क्रीनवर होता.

कारण सोपं निघालं. सकाळी फॉर्म उघडला तेव्हा फिल (डेटाबेसमधून ओळी आणून भरणं) झालं, ६१ ओळी आल्या. केबिनमधून तीन ट्रॅक्टर आत आले, ते दिसावेत म्हणून आप्पांनी रिफ्रेशचं बटण दाबलं, त्या बटणामागे त्याच डेटाटेबलवर परत फिल, त्यात ६४ आल्या, आणि ६१ अधिक ६४ झाले १२५. आधी एकच कॉम्प्युटर होता तेव्हा रिफ्रेश दाबायची कोणाला गरजच पडली नव्हती, ते बटण इतकी वर्षं नुसतं होतं.

इथे फिल नक्की काय करतं ते नीट सांगतो. एडीओ डॉट नेट, म्हणजे हे डेटाटेबल-अॅडॅप्टर ज्यात येतात तो मायक्रोसॉफ्टचा संच, २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कच्या पहिल्या व्हर्जनसोबत आलं. त्याच्या आधी व्हीबी सिक्समध्ये रेकॉर्डसेट उघडून ठेवायचा, कनेक्शन चालू ठेवून ओळीमागून ओळ फिरायचं, अशी आपल्या लोकांची सवय होती. इथे तसं नाही. अॅडॅप्टरला फिल म्हटलं की कनेक्शन बंद असेल तर तो स्वतः उघडतो, सिलेक्ट (ओळी मागायची आज्ञा) चालवतो, येतील त्या ओळी मेमरीतल्या डेटाटेबलमध्ये टाकतो आणि कनेक्शन परत बंद करतो. (तुम्ही आधीच उघडून दिलेलं असेल तर मात्र तो बंद करत नाही, उघडंच ठेवतो, बरेच जण तिथे फसतात.) त्यानंतर त्या डेटाटेबलचा आणि सर्व्हरचा काही संबंध उरत नाही. तलाठ्याकडून सातबाऱ्याची झेरॉक्स काढून आणली तसं आहे ते. नंतर फेरफार झाला तरी तुमच्या पिशवीतली झेरॉक्स बदलत नाही. जिनिंगसाठी हे चांगलंच आहे, तिथे स्विचमध्ये सुद्धा रुईचा भुसा जातो, वायर मधेच सुटते, आणि ग्रिड उघडी आहे म्हणून सर्व्हरवर काही अडकून राहत नाही.

पण परत फिल केलं तर काय? डेटाटेबलला प्रायमरी की (ओळ ओळखायचा एकमेव रकाना) असेल तर अॅडॅप्टर त्या कीने जुनी ओळ शोधतो आणि तिच्यावरच नवीन माहिती बसवतो. की नसेल तर त्याला कळायला मार्गच नाही की ही तीच ओळ आहे, तो बिचारा खाली जोडत जातो. गट नंबर न बघता एकाच शेताच्या दोन झेरॉक्स फायलीत लावल्या तर जमीन दुप्पट होत नाही, पण फाईल बघणाऱ्याला तसंच वाटतं.

आणि आता माझी पहिली चूक. सीझनची गर्दी, फोनवर आप्पा, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, मी फिलच्या आधी टेबल क्लिअर करायची एक ओळ टाकली आणि नवीन एक्झी (प्रोग्रामची फाईल) पाठवून दिली. दुप्पट होणं थांबलं. संध्याकाळी परत फोन. आप्पा सात-आठ पट्ट्यांचा ओलावा आणि भाव टाईप करून ठेवतात, मग एकदम सेव्ह दाबतात, ती त्यांची जुनी पद्धत. मधे रिफ्रेश दाबलं की टाईप केलेलं सगळं गायब. ते तर होणारच, क्लिअरने सेव्ह न झालेले बदल पण झाडून टाकले. आप्पा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की मी परत लिहितो पण ग्रेडरच्या चिठ्ठ्या आता टोपलीत गेल्या. त्या टोपलीतून चिठ्ठ्या हुडकून काढायला त्यांना रात्रीचे नऊ वाजले. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. क्लिअर काढलं, आणि नीट की लावायची ठरवलं. आधी मिसिंग स्कीमा अॅक्शनला अॅड विथ की दिलं, त्याने सर्व्हरकडून कीची माहिती येते आणि टेबलला आपोआप लागते. नाही लागली. अर्धा तास गेला तेव्हा दिसलं की सिलेक्टमध्ये शेतकऱ्याचं नाव आणायला लेफ्ट जॉइन (दुसरं टेबल जोडायची पद्धत, आउटर जॉइनचाच एक प्रकार) आहे, आणि आउटर जॉइन असला की अॅडॅप्टर प्रायमरी की लावतच नाही, तुम्हीच लावा म्हणतो. बरोबरच आहे त्याचं, जॉइनमध्ये एक ओळ कुठल्या टेबलची हे त्याने कसं ठरवावं. मग पट्टी नंबरचा कॉलम हाताने बनवला, टेबलची प्रायमरी की म्हणून दिला, आणि त्यानंतर फिल. आता कितीही वेळा रिफ्रेश दाबा, ६४ च्या ६४.

पण आप्पांचं टाईप केलेलं तरी जातच होतं! की असताना फिल जुन्या ओळीवर नवीन माहिती बसवतो असं मी वर म्हटलं ना, तो बसवताना तुमचा बदल सेव्ह झालाय का नाही हे बघत नाही. फिल लोड ऑप्शन नावाची प्रॉपर्टी आहे, डॉट नेट २.० पासून, तिची डिफॉल्ट व्हॅल्यू ओव्हरराईट चेंजेस. म्हणजे सर्व्हरचं तेच खरं. मी तिला प्रिझर्व्ह चेंजेस केलं. म्हणजे ज्या ओळीला हात लागला नाही ती पूर्ण ताजी होते, आणि ज्या ओळीत बदल केलाय तिथला बदल तसाच राहतो.

वर सावधगिरी म्हणून अजून एक केलं. पट्टीच्या टेबलला रोव्हर्जन कॉलम जोडला. एसक्यूएल सर्व्हर हा आठ बाइटचा आकडा ओळ बदलली की दरवेळी स्वतः बदलतो. अपडेटच्या व्हेअरमध्ये (अटीत) टाकलं की पट्टी नंबर हाच आणि रोव्हर्जन पण मी वाचला तेव्हाचाच असेल तरच लिही. मधे कोणी ओळ बदलली असेल तर अपडेट शून्य ओळींना लागतो आणि अॅडॅप्टर डीबी कनकरन्सी एक्सेप्शन (दोघांचं लिखाण आपटल्याची एरर) फेकतो. मला वाटलं, झालं, आता दोन कॉम्प्युटर एकमेकांच्या लिखाणावर लिहूच शकत नाहीत. मी निश्चिंत होऊन घरी आलो.

तीन दिवस शांत. चौथ्या दिवशी दुपारी एक शेतकरी पट्टी घ्यायला खिडकीवर उभा, आणि स्क्रीनवर त्याचं रिकामं वजन नाही. भरलेलं ५,६४० किलो दिसतंय, रिकाम्याच्या रकान्यात काहीच नाही, निव्वळ पण नाही. ट्रॅक्टर तर त्याचा पोरगा घेऊन गावाला निघून गेलेला. काट्यावरचा पोरगा शपथेवर सांगतोय की दादा मी वजन घेतलं, सेव्ह केलं, स्क्रीनवर बघितलं. आप्पा म्हणताहेत इथे काहीच आलं नाही. दोघांत बाचाबाची व्हायची वेळ. आणि तो माणूस, साठीतला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, शांतपणे बंडीच्या खिशातून काट्यावरची छापलेली पावती काढतो. रिकामं ३,४८०. म्हणजे निव्वळ २,१६० किलो, २१ क्विंटल ६०. ओलावा ११ होता, त्या जिनिंगचा ठरलेला हिशोब असा की ८ च्या वर दर टक्क्याला क्विंटलमागे एक किलो घट, म्हणजे साधारण ६५ किलो कमी, बाकीचे ७,१०० च्या भावाने जवळपास १ लाख ४९ हजार. ती पावती नसती तर काय झालं असतं? ट्रॅक्टर परत आणून तोलला असता म्हणा, पण शेतकऱ्याच्या मनात जिनिंगबद्दल जे बसलं असतं ते निघालं नसतं. काटा मारतात ही शंका आपल्याकडे कायम असते.

शेठनी पावतीवर पैसे दिले त्याच दिवशी, ते चांगलं केलं. पण मग मी जुन्या पट्ट्या काढून बघितल्या तर मागच्या तीन दिवसांत अजून चार पट्ट्यांचं रिकामं वजन असंच गेलेलं, ते आप्पांनी केबिनला विचारून हाताने भरलं होतं आणि पोरगा विसरला असेल म्हणून सोडून दिलं होतं. दिवसाच्या बेरजेत पण कोणाला दिसलं नाही, कारण डेटाटेबलच्या कॉम्प्युटने बेरीज करताना नल, म्हणजे काहीच न लिहिलेला रकाना, असलेल्या ओळी तो गुपचूप सोडतो. एरर नाही, लाल रंग नाही, फक्त बेरीज थोडी कमी.

रात्री घरी दोन लॅपटॉप मांडून बसलो, एक केबिन आणि एक ऑफिस. एकच पट्टी घेतली, भरलेलं वजन ५,६४०, रिकामं नल. ऑफिसवाल्यात उघडली, ओलावा ११ टाईप केला, सेव्ह नाही केलं. केबिनवाल्यातून रिकामं ३,४८० टाकून सेव्ह. आता ऑफिसमध्ये रिफ्रेश न दाबता सेव्ह दाबलं, तर कनकरन्सी एक्सेप्शन आलं, एकदम बरोबर. परत सगळं पहिल्यापासून केलं, यावेळी सेव्हच्या आधी रिफ्रेश दाबलं. एक्सेप्शन नाही! सेव्ह झालं, आणि डेटाबेसमध्ये रिकामं वजन परत नल.

मग रिफ्रेश आणि सेव्हच्या मधे थांबून त्या एका ओळीच्या दोन्ही आवृत्त्या छापून बघितल्या. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेटारो आपल्या पोटात दोन प्रती ठेवतो, ओरिजिनल म्हणजे सर्व्हरकडून आलेली आणि करंट म्हणजे तुम्ही आत्ता बघताय ती, आणि रोस्टेट सांगतो की ओळ अनचेंज्ड आहे, मॉडिफाइड आहे, अॅडेड आहे की डिलीटेड. छापलं तर असं आलं: रोस्टेट मॉडिफाइड. रिकामं वजन ओरिजिनल ३,४८०, करंट नल. रोव्हर्जन ओरिजिनल नवीन.

तिथेच सगळं उलगडलं. प्रिझर्व्ह चेंजेस बदललेला फक्त रकाना जपत नाही, तो पूर्ण ओळच जपतो. आप्पांनी एकट्या ओलाव्याला हात लावला, पण त्यामुळे त्या ओळीची अख्खी करंट प्रत जुनी राहिली, त्यातला नल पण जपला गेला. आणि ओरिजिनल प्रत मात्र सर्व्हरकडून ताजी झाली, रोव्हर्जनसकट. म्हणून अपडेटच्या वेळी व्हेअरमध्ये गेलेला रोव्हर्जन ताजा, सर्व्हर म्हणाला हो हो तुम्ही शेवटचं वाचलंय, लिहा. आणि अपडेट कमांड जुन्या माणसाने लिहिलेली, तिच्या सेटमध्ये (काय लिहायचं त्या यादीत) ओळीतले सगळेच रकाने, रिकामं वजन पण. तर ते नल जाऊन बसलं ३,४८० च्या जागी. म्हणजे मी राखणदार म्हणून रोव्हर्जन बसवला आणि प्रिझर्व्ह चेंजेसने त्याच्या हातात आजचा पास देऊन टाकला. दोन्ही गोष्टी एकेकट्या बरोबर, एकत्र आल्या की घात. ही जोडी मला कुणी आधी सांगितली नव्हती म्हणून इतकं लांबण लावून लिहितोय.

काही जण विचारतील की कमांड बिल्डर (अपडेट कमांड आपोआप बनवणारा) का नाही वापरला, तो तर व्हेअरमध्ये सगळ्या रकान्यांच्या ओरिजिनल किमती तपासतो. एक तर तो जॉइनवाल्या सिलेक्टवर चालतच नाही, एकाच टेबलचा सिलेक्ट लागतो. आणि चालला असता तरी इथे उपयोग नव्हता, कारण तपासतो तो ओरिजिनलच, आणि ओरिजिनल तर रिफ्रेशने ताजी झालेली.

मग खरा उपाय काय केला. माझं मत झालं की हा प्रश्न तांत्रिक नंतर आहे, आधी हक्काचा आहे. रिकामं वजन कोणाचं? केबिनचं. ओलावा, घट, भाव कोणाचा? ऑफिसचा. मग ऑफिसच्या अपडेट कमांडने रिकाम्या वजनाला हात का लावायचा? दोन वेगळ्या अपडेट कमांड लिहिल्या. ऑफिसवाली फक्त ओलावा, घट आणि भाव लिहिते, आणि व्हेअरमध्ये पट्टी नंबरसोबत याच तीन रकान्यांच्या ओरिजिनल किमती तपासते (नल असेल तर इज नलची वेगळी अट लागते, बरोबरच्या चिन्हाने नल जुळत नाही). केबिनवाली फक्त वजनं आणि गाडी नंबर. रोव्हर्जन व्हेअरमधून काढून टाकला, कारण तो ओळीचा आहे, रकान्याचा नाही, ठेवला असता तर दोघं आपापलं काम करत असताना पण दर दोन मिनिटाला भांडण लावलं असतं.

निव्वळ वजन प्रोग्राममधून लिहिणं बंद केलं, सर्व्हरवरच काढून येतं, भरलेलं वजा रिकामं.

आणि रिफ्रेश. आता बटण दाबलं की आधी ग्रिडमधली चालू एडिट संपवतो, कारण कर्सर अजून खान्यात असेल तर तो बदल गेट चेंजेसमध्ये (सेव्ह न झालेले बदल देणाऱ्या कॉलमध्ये) दिसतच नाही, हे पण एकदा फसून कळलं. मग गेट चेंजेसने काही दिलं तर फिल करत नाही, आप्पांना विचारतो की आधी सेव्ह करू का. सेव्ह झाल्यावरच फिल, आणि लोड ऑप्शन परत ओव्हरराईट चेंजेस, कारण जपायला काही उरलेलंच नसतं. अॅडॅप्टरला कंटिन्यू अपडेट ऑन एरर चालू करून ठेवलंय, म्हणजे आठ पट्ट्यांपैकी एक अडली तर बाकीच्या सात जातात आणि अडलेल्या ओळीपुढे लाल खूण येते. अशी एक जरी असली तरी फिल थांबतो, आप्पा ती ओळ निस्तरतात आणि मग पुढे.

एक गोष्ट राहिलीच. पहिल्या दिवसाच्या क्लिअरमुळे एक घोळ झाकला गेला होता. केबिनमधून चुकीच्या गाडी नंबरची पट्टी डिलीट केली तर फिल ती ऑफिसच्या टेबलमधून काढत नाही. फिल फक्त आलेल्या ओळी बसवतो, न आलेल्या ओळीचं त्याला काही वाटत नाही. क्लिअर काढल्यावर अशा मेलेल्या पट्ट्या दिवसभर ग्रिडमध्ये राहायला लागल्या. मी डिलीटच बंद केलं, रद्द नावाचा रकाना टाकला, पट्टी रद्द होते पण नंबर राहतो. आप्पांना हे सगळ्यात जास्त आवडलं, त्यांच्या वहीत पण पान फाडायचं नाही, आडवी रेघ मारायची हाच नियम आहे.

नवीन एक्झी चढवल्यावर त्या संध्याकाळी मी ऑफिसात बसून राहिलो आणि आप्पा एकेक पट्टी सेव्ह करायचे तेव्हा पोराला केबिनमधून ओरडून विचारायचे, "रिकामं किती रे?" तो आकडा ओरडायचा, आप्पा स्क्रीनवर बोट ठेवून बघायचे, मान हलवायचे, पुढची. ४१ पट्ट्या अशा झाल्या. सगळ्या जुळल्या. अजून फोन आलेला नाही, पण काट्यावरची छापील पावती शेतकऱ्याला द्यायचीच, ती बंद करायची नाही, असं मी शेठना सांगून ठेवलंय आणि त्यांनी ऐकलंय.